सही तुमची, स्क्रू माझा

अण्णा,

तुमच्या शोकसभेत मी इंग्रजीत बोललो. दुसरा इलाज नव्हता. समोर कन्नड, तमिळ, बंगाली, हिंदी बोलणारी माणसं बसली होती. पण त्या प्रयोगशाळेत तुमचं-माझं जे काही झालं ते मराठीत झालं. तुमचं शिकवणं, रागावणं, डबा पुढे सरकवणं मराठीत, आणि मी तुमच्याशी जे वागलो तेही मराठीतच. म्हणून हे पुन्हा एकदा, आपल्या भाषेत लिहितो आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर मी आठवणींच्या आड लपेन. चोवीस वर्षांपूर्वी अज्जीच्या पोटात एक पितळी स्क्रू सापडला. त्यापायी तुम्हाला तिच्यापासून काढलं आणि नायट्रोजनच्या प्लांटवर पाठवलं. तो स्क्रू मी लावला होता. हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. एवढं असून तुम्ही निवृत्त होईपर्यंतची बारा वर्षं आपण रोज एकमेकांना "काय, बरं आहे ना?" विचारत राहिलो.

अज्जी कोण हे तुम्हाला सांगायला नको. पण हे दुसरं कोणी वाचलं तर त्याला वाटेल आपण कोणा म्हातारीबद्दल बोलतोय. अज्जी म्हणजे अर्धसंवाहकांचे पातळ थर वाढवण्याचं आपलं यंत्र. मिठी मारली तर हात जेमतेम जुळतील एवढ्या घेराचं स्टीलचं भांडं, चहूबाजूंनी नळ्या, काचेच्या खिडक्या आणि पंप. आतली हवा इतकी काढायची की उरलेला एखादा रेणू या भिंतीवरून त्या भिंतीवर कोणाला न धडकता जाईल. मग छोट्या मुशींमध्ये गॅलियम आणि आर्सेनिक तापवायचं आणि समोर टांगलेल्या गरम चकतीवर त्यांचे अणू थरावर थर बसू द्यायचे. तासभर थांबलं की केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा पापुद्रा तयार होतो. संस्थेच्या कागदोपत्री या यंत्राला लांबलचक नाव होतं. तुम्ही त्याला अज्जी म्हणायचात, कारण एक तर ते दुसऱ्या कोणी वापरून झालेलं, वयस्कर होतं, आणि दुसरं म्हणजे, "तिला बाहेरचं काही पचत नाही."

मी अकोल्याहून नुकताच आलो होतो. कन्नड शून्य, इंग्रजी पुस्तकापुरतं. तिसऱ्या दिवशी एका झाकणाचा बोल्ट सोडवताना पाना निसटला, बोटं स्टीलवर आपटली आणि माझ्या तोंडून "आयला!" निघालं. पंपांच्या मागून तुमचं डोकं वर आलं.

"मराठी का रे तू?"

"हो. तुम्ही पण?"

"आमचे पणजोबा आले इकडं. आता घरात बोलतो तेवढंच. तुमच्यासारखं गुळगुळीत येत नाही. झाकणाच्या कडेला ओरखडा पडला काय, ते बघ पहिला. त्यातून हवा आत शिरते."

"अण्णा, माझी बोटं..."

"बोटं दहा आहेत. कड एकच आहे."

तुमचं नाव तुकोजीराव हे मला महिनाभरानंतर पगाराच्या यादीत दिसलं. तोवर सगळ्यांसारखा मीही अण्णाच म्हणत होतो. दुपारी तुम्ही अक्कांनी, तुमच्या बायकोने, दिलेला डबा उघडायचात. अर्ध्याहून जास्त चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, माझ्या ताटलीत यायचा. मी नको म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "तुझ्यासाठी नाही देत. उपाशी माणसाचे हात कापतात, आणि कापणारे हात मला अज्जीजवळ नकोत."

तुम्ही जे शिकवलंत ते पुस्तकात नव्हतं. पंपाचा आवाज बदलला की दोन खोल्या पलीकडून तुम्हाला कळायचं. थर वाढत असताना त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत तिरका सोडला की हिरव्या पडद्यावर रेघा उमटतात, आणि एकेक थर पुरा होताना त्यांचा उजेड कमी-जास्त होतो. तो उजेड बघत तुम्ही ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये आकडे मोजायचात. संगणक मोजत असला तरी मोजायचात. एकदा संगणकाचे आणि तुमचे आकडे जुळले नाहीत. नंतर क्ष-किरणांनी जाडी मोजली. तुम्ही बरोबर होता. तुम्ही त्याचा बडेजाव केला नाहीत. "ते बिचारं मधे पापणी मिटतं," एवढंच म्हणालात.

आणि ट्रे. अज्जीच्या आत जाणारी प्रत्येक वस्तू, अगदी टाचणीएवढी का असेना, तुम्ही आधी कानसीने कुठेतरी लपलेल्या जागी खरवडून बघायचात. मग ती धुवायची, वेगळ्या भट्टीत तापवायची आणि झाकणाच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायची. ट्रेमध्ये नाही ते आत जाणार नाही. "वरून सगळे सारखेच चकाकतात रे. खरवडल्यावर कळतंय कोण आहे ते."

भांडं बंद केलं की नोंदवहीत एक सही लागायची. एकच, आणि ती तुमची. विद्यार्थ्यांची सही चालत नसे, कारण विद्यार्थी पाच-सहा वर्षांत निघून जातात आणि यंत्र राहतं. मला तेव्हा हा नियम अपमानाचा वाटायचा. पुढे त्याच नियमाने मला वाचवलं.

त्या दिवशीचं सांगतो. चकती तापवणारा हीटर दुरुस्त करून आपण परत बसवत होतो. त्याच्या भोवतालच्या पत्र्याला मॉलिब्डेनमचे चार बारीक स्क्रू होते. मॉलिब्डेनम उष्णता सोसतो पण ठिसूळ असतो. तुम्ही मला दहादा सांगितलं होतं, बोटांच्या टोकांनी पिळ, मनगट लावू नकोस. मी मनगट लावलं. चौथ्या स्क्रूचं डोकं तुटलं. ट्रेमध्ये जादा स्क्रू नव्हता. वर्कशॉपमधून करून घ्यायचा तर तीन-चार दिवस गेले असते. आमचे सर दहा दिवसांनी परदेशी निघणार होते आणि माझा नमुना बरोबर नेणार होते. भांडं बंद केल्यावर ते आठवडाभर फॉइलमध्ये गुंडाळून तापवत ठेवावं लागतं, त्याशिवाय आतल्या भिंती वाफ सोडायचं थांबत नाहीत. मी मनात दिवस मोजले. ते पुरत नव्हते.

तुम्ही फॉइलची गुंडाळी आणायला स्टोअरमध्ये गेला होता. शेजारच्या टेबलावर उपकरणाच्या वीजपुरवठ्याचा एक बंद पडलेला डबा उघडून ठेवलेला होता. त्याच्या जोडणीतला एक स्क्रू मी काढला. चकचकीत होता, मापात बसला. त्यावर निकेलचं पाणी दिलेलं होतं आणि खाली पितळ होतं. मी खरवडून बघितलं नाही. खरवडलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर लावता आला नसता.

तुम्ही आलात. टॉर्च घेऊन वाकलात आणि खिडकीतून आत बघितलंत. चारही डोकी चमकत होती, चौथं जरा जास्तच. मग "सरी", म्हणजे ठीक, म्हणालात आणि सही केलीत.

पितळात जस्त असतं. निर्वातात ते तापवलं की जस्त वाफ होऊन निघून जातं आणि दिसेल त्यावर बसतं. आपल्या पापुद्र्यात ते शिरलं तर त्याचा स्वभावच बदलतं. सरांबरोबर माझा नमुना गेला खरा, तिकडून त्याबद्दल काही चांगलं आलं नाही. इथे आपण एकामागून एक थर वाढवत होतो. दिसायला आरसा, पण मोजमापाला लावला की नको ते दाखवायचा. तुम्ही एका वाक्यात निदान केलंत: "आपण न घातलेलं मीठ लागतंय."

भांड्यात उरलेल्या वायूंची वजनं दाखवणारं जे उपकरण आहे, त्याच्या पडद्यावर तुम्ही बोट ठेवलंत. चौसष्टवर एक सुळका, सहासष्टवर त्याहून ठेंगणा, अडुसष्टवर आणखी ठेंगणा.

"हे जस्त आहे. त्याचे अणू बहुतेक ह्या तीन वजनांचे," तुम्ही म्हणालात.

"सल्फर डायऑक्साइड असेल, अण्णा. पंपाच्या तेलातलं. तेही चौसष्टच."

"मग सहासष्ट आणि अडुसष्ट कोण? त्याचे मेहुणे?"

"सल्फरचंही असतं थोडं पुढे."

"थोडं. इतकं नाही. आणि हीटर वाढवला की हे तिन्ही वर जातंय बघ. तेल तिकडं दूर बसलंय, त्याला हीटर कशाला कळेल?"

सर माझ्या बाजूने होते, कारण माझ्या हातात उघडं पुस्तक होतं आणि तुमच्या हातात कापड. आपण दोनदा पंपाचं तेल बदललं. हा वाद महिन्याहून जास्त चालला. तो तुम्ही माझ्याशी प्रामाणिकपणे घातलात आणि मी फक्त पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कॉफीत साखर ढवळताना मला तो वीजपुरवठ्याचा डबा आठवला. त्या क्षणापासून मला माहीत होतं, आणि तरीही मी सल्फर म्हणत राहिलो. वर्गात मी आता चौसष्ट-सहासष्ट-अडुसष्टचं हे उदाहरण दरवर्षी शिकवतो. तुमचे शब्द वापरतो, आजवर तुमचं नाव घेत नव्हतो.

शेवटी तुम्हीच सरांच्या मागे लागून भांडं उघडायला लावलंत. आरसा आणि टॉर्च घेऊन तुम्ही आत बघत होता. सर, आणखी दोघं आणि मी मागे उभे होतो. तुम्ही चिमट्याने तो स्क्रू काढलात आणि पांढऱ्या पुसण्याच्या कागदावर ठेवलात. निकेल गेलं होतं, जस्त गेलं होतं, तांबं तेवढं उरलं होतं. लालसर आणि भोकाभोकांचं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तेव्हा बघितलं असतंत तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं आहे. मी बोललो नसतो.

तिघांची चौकशी समिती बसली. तुम्ही काय म्हणालात ते मला नंतर समितीतल्याच एकाने सांगितलं. स्क्रू आत कसा गेला, या प्रश्नावर तुमचं उत्तर: "सही माझी आहे." लावला कोणी, यावर: "भांडं मी बंद केलं, सर." मलाही पाच मिनिटं बोलावलं होतं. मी सांगितलं की त्या दिवशी मी हीटरच्या तारा जोडत होतो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

अज्जी पूर्ण खोलून घासायला आठ महिने गेले. ते काम तुम्हाला करू दिलं नाही. तुम्हाला आवाराच्या टोकाला, द्रव नायट्रोजनच्या प्लांटवर पाठवलं. गंमत अशी की अज्जीला रोज नायट्रोजन लागायचाच. तिच्या भिंती आतून गार ठेवाव्या लागतात. त्यामुळे सकाळी साडेनऊला तुम्ही ढकलगाडीवर पिंपं घेऊन आमच्या दारात उभे असायचात. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाहीत. कोणी मनाई केली नव्हती.

"अज्जी कशी आहे?"

"बरी आहे."

"झोपू देतेय ना रात्री?"

"देतेय."

मग तुम्ही सही घ्यायचात, पिंपं मिळाल्याची. माझी. एवढंच. बारा वर्षांत फक्त एकदा तुम्ही त्या विषयाच्या जवळून गेलात. मी नुकताच प्राध्यापक म्हणून रुजू झालो होतो, माझ्या हाताखाली पहिला विद्यार्थी आला होता. तुम्ही दारातून त्याच्याकडे बघितलंत आणि मला विचारलंत, "ट्रे दाखवलास का त्याला?" मी हो म्हणालो. "नुसता दाखवू नको. का करून ते पण सांग." तुम्ही गाडी वळवून गेलात. मी त्याला का ते सांगितलं. कोणापासून शिकलो ते सांगितलं नाही.

आणखी एक आहे, जे स्क्रूपेक्षा वाईट आहे असं मला वाटतं. स्क्रूच्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो. पण तुमच्या बढतीचा विषय निघाला तेव्हा मी अडतीसचा होतो आणि कायम नोकरीत होतो. माझं कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. समितीने माझं मत विचारलं, कारण मी तुमच्याबरोबर काम केलेलं होतं. मी म्हणालो, "माणूस अत्यंत सचोटीचा आहे." अध्यक्षांनी फाइल उलटून चौकशीचा जुना शेरा वाचून दाखवला आणि म्हणाले, "सचोटीबद्दल कोणी शंका घेत नाही. प्रश्न लक्ष असण्याचा आहे." मी मान हलवली. म्हणजे हो म्हणालो, अण्णा. सगळ्यात लक्ष असणाऱ्या माणसाचं लक्ष नव्हतं, याला मी होकार दिला. त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही निवृत्त झालात, आणि तुमच्या खांद्यावर शाल मी घातली.

मग तुम्ही शहराबाहेर आनेकलला घर बांधलंत. मी एकदाच आलो, वास्तुशांतीला. अज्जी भंगारात गेली तेव्हा तुम्हाला कळवावं असं वाटलं होतं, कळवलं नाही. तिच्या जागी आता नवं यंत्र आहे. पडद्याला बोट लावलं की ते स्वतःच भांडं तापवतं, स्वतःच नोंद ठेवतं. त्यात सहीचा रकाना नाही.

तुमच्या जाण्याचा निरोप मंजुळाने पाठवला. तुमची मुलगी मला इतकी वर्षं "अविनाशकाका" म्हणत आली आहे, त्या निरोपातही तेच लिहिलं होतं. मी बारावा होऊन गेल्यावर आलो. गर्दीत बोलता येणार नाही असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं.

अक्का एकट्याच होत्या. तुमची खुर्ची कोपऱ्यात सरकवलेली होती. त्यांनी कॉफी केली.

"तुमचं नाव घ्यायचे हो सारखं. आमचा अविनाश प्रोफेसर झाला करून बसमधल्या कंडक्टरला पण सांगून झालं होतं."

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. स्क्रू तुटला, मी दुसरा लावला, चूक झाली, दोष तुमच्यावर गेला, मी गप्प बसलो. चार-पाच वाक्यं झाली. मला वाटलं होतं जास्त वेळ लागेल.

माझी समजूत होती की त्यांना ठाऊक असणार. बायकोला नवरा एवढं सांगतोच.

"म्हणजे ह्यांची चूक नव्हती?"

"नव्हती."

"मी बोलले त्यांना. एकदा नाही, कितीदा. घरात गॅसचा नॉब तीनदा बघता आणि तिथं एक स्क्रू दिसला नाही होय, करून. मंजुळाच्या लग्नात व्याह्यांच्या पुढ्यात पण बोलले. सगळे हसले. हे पण हसले."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग थांबल्या.

"स्वल्प थांबा. ते विचारल्याशिवाय सही करणारे नव्हते. रेशनच्या दुकानात सही करायची तरी त्या माणसाचा जीव खायचे. तुम्हाला काहीतरी विचारलंच असेल त्यांनी."

अण्णा, मी वर लिहिलं आहे की तुम्ही टॉर्चने आत बघितलंत, "सरी" म्हणालात आणि सही केलीत. त्याच्यामधलं मी गाळलं आहे. अक्कांना सांगतानाही गाळलं होतं. स्वतःशी आठवतानासुद्धा मी ते इतकी वर्षं गाळत आलो. तुम्ही वाकलेले होता, टॉर्चचा उजेड चौथ्या स्क्रूवर थांबला, आणि माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "ट्रेमधलाच ना रे हा?"

मी म्हणालो, "हो अण्णा, ट्रेमधलाच."

त्यानंतर तुम्ही "सरी" म्हणालात.

हे अक्कांना सांगितलं. त्यांनी माझा कप उचलला, अर्धा भरलेला होता, आणि आत ठेवून आल्या. परत येऊन बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"हे चुकणं नव्हे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग चूक झाली करून का सांगत होता?"

मी उठून उभा राहिलो.

"मला सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल. मी काय करू ह्याचं? आता मी कुणाची माफी मागू? जिथं लिहून ठेवलंय तिथं जाऊन सांगा."

मी गेलो. प्रशासनातल्या बाईंनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं की निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या, आणि आता नसलेल्या माणसाच्या सेवापुस्तकातला शेरा बदलण्याची काही पद्धत नाही. "सर, आता कशाला?" असं त्यांनी अगदी चांगल्या मनाने विचारलं. मी अर्ज तिथेच ठेवून, पोचपावती घेऊन आलो. तो तुमच्या फाइलला लागला की नाही, माहीत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायला जाणार आहे.

म्हणून शोकसभा. मला दोन मिनिटं बोलायचं होतं, मी बारा घेतली. स्क्रू, सल्फर, चौकशी, बढती, सगळं सांगितलं. ट्रेचं वाक्य सांगितलं, तुम्ही विचारलं तसं मराठीत आणि मग इंग्रजीत. तुम्ही वाचलेले ते तीन सुळके फळ्यावर काढून दाखवले, कारण सल्फरचा वाद तुम्ही बरोबर होता असं कोणीतरी जाहीरपणे म्हणायला हवं होतं. वर्कशॉपमधले तुमच्या वेळचे दोघं मागच्या रांगेत होते. त्यातले एक मी बोलत असतानाच उठून गेले.

नंतर काय झालं ते तुम्हाला सांगायला मला जड जातंय. लोक माझ्याभोवती जमले. संचालकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, याला फार मोठं मन लागतं. एका सहकाऱ्याचे डोळे भरून आले होते. माझ्या विद्यार्थ्यांनी मला पत्र लिहिलं, सगळ्यांच्या सह्यांचं, की त्यांना माझा अभिमान वाटतो. तुमच्याबद्दलही बोलले लोक. "बिचारा" म्हणाले, "साधा माणूस" म्हणाले. मग पुन्हा माझ्या धैर्याकडे वळले. तुम्ही त्या समितीसमोर "सही माझी आहे" म्हणालात तेव्हा कोणी तुमचा हात हातात धरला होता का? मला तुमच्या जागी चोवीस वर्षं उशिरा उभं राहायचं होतं, आणि तिथे शिक्षा उरलेलीच नव्हती. मी घरी गेलो आणि जेवलो, आणि मला भूक लागली होती.

अक्का सभेला आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

"सांगितलंत?"

"सांगितलं अक्का. सगळं. ट्रेचं पण."

"माणसं होती?"

"हॉल भरला होता."

मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाले सगळे?"

"कौतुक केलं."

"ह्यांचं?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता, अण्णा.

"नाही, अक्का," मी म्हणालो. "माझं."